परक्या हातची रामकथा

दिल्लीस १९९३ सालच्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा देशाची मनःस्थिती काय होती हे निराळे सांगावयास नको. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली, त्याला जेमतेम सव्वा महिना लोटला होता. आमची मुंबई तर त्याच जानेवारीत दुसऱ्यांदा पेटली होती. कोणी रामाचे नाव घेतले की ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाही आणि हा कोणत्या बाजूचा असावा याचा मनाशी अंदाज बांधी, असे ते दिवस. अशा दिवसांत त्या महोत्सवाच्या पडद्यावर एक रामकथा आली. ती मुलांसाठी होती, हाताने रंगवलेल्या चित्रांची होती, आणि ती जपानात तयार झाली होती.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हे त्या चित्रपटाचे नाव. लांबी १३५ मिनिटे. दिग्दर्शक म्हणून तीन नावे : युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. पहिले दोघे जपानी, तिसरे मुंबईत हयात घालवलेले. मोठ्या माणसांपैकी फारशा कोणास हा चित्रपट ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु आज तिशी-पस्तिशीत असलेल्या एखाद्या तरुणास विचारून पाहा. शाळेच्या सुटीत दूरदर्शन-संचापुढे मांडी घालून पाहिलेला कुंभकर्ण त्यास अजून आठवत असेल. कुंभकर्णाला उठवण्याची ती धांदल तो तुम्हाला हातवारे करून सांगेल. हा चित्रपट जपानी होता, हे मात्र त्याच्या गावीही नसेल.

या चित्रपटाच्या जन्माची हकीकत मोठी विचार करावयास लावणारी आहे. ती मनोरंजक तर आहेच, पण तिच्यात आपल्या स्वभावाचेही थोडे दर्शन घडते. ते दर्शन सर्वस्वी सुखाचे आहे असे म्हणता येणार नाही.

*

गोष्टीची सुरुवात होते ती मातीच्या ढिगाऱ्यापासून. प्रयागच्या वरच्या बाजूस गंगेच्या काठी शृंगवेरपूर म्हणून गाव आहे. वनवासास निघालेल्या रामाला निषादराज गुहाने जेथे गंगापार केले, ते हेच ठिकाण अशी परंपरा सांगते. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी रामायणाशी निगडित स्थळांचे उत्खनन करण्याची एक योजना १९७५ च्या सुमारास हाती घेतली होती. अयोध्या, नंदिग्राम, चित्रकूट, भरद्वाजाश्रम आणि शृंगवेरपूर ही तिच्यातील स्थळे. शृंगवेरपुरास गंगेचे पाणी आत घेणारा विटांच्या बांधणीचा एक मोठा प्राचीन तलाव सापडला. या उत्खननावर माहितीपट काढण्यासाठी १९८३ साली युगो साको हे जपानी गृहस्थ हिंदुस्थानात आले. माहितीपटाचे नाव होते ‘द रामायण रेलिक्स’.

साको आले ते विटा आणि खापरे पाहावयास. पण खापरांचे चित्रीकरण करता करता ज्या कथेसाठी हा सारा खटाटोप चालला होता, त्या कथेनेच त्यांना धरले. मायदेशी परतल्यावर त्यांनी जपानी भाषेत मिळतील ती रामायणे मिळवून वाचली. अशी दहा रामायणे त्यांनी वाचली म्हणतात. आपल्यापैकी किती जणांनी दोन वाचली असतील, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

या वाचनातून त्यांच्या मनाने घेतले की ही कथा पडद्यावर आणावयाची, पण नटांकरवी नाही. राम हा देव आहे. देवाचे काम माणसाने करण्यापेक्षा त्याचे चित्रच काढावे, हे बरे. असा त्यांचा विचार होता, आणि तो त्यांनी पुढे वेळोवेळी बोलून दाखवला.

आमच्याकडे हा विचार अगदीच अपरिचित आहे असे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर पिढ्यान् पिढ्या हेच करीत आले. कागदावर काढलेल्या चित्रांची पोथी पुढे ठेवावयाची, एकेक चित्र उचलून दाखवावयाचे आणि वाद्याच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गावयाची, ही चित्रकथी. देऊळ, दिव्याचा उजेड, पुढे बसलेली मुले-माणसे, आणि चित्रातला राम गाणाऱ्याच्या आवाजाने बोलू लागतो. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. तिचे जतन करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र स्थिर, कथा चालती, ही चित्रकथी. चित्रच चालू लागले की झाला साकोंचा चित्रपट. टोकियो आणि पिंगुळी यांच्यात समुद्र कितीही पसरलेला असो, कल्पनेचे अंतर फार नव्हते.

*

पण हे अंतर कोणी मोजावयाच्या आधीच घोटाळा झाला. साकोंच्या माहितीपटाविषयी एका वर्तमानपत्रात चुकीची बातमी आली. त्या बातमीवरून विश्व हिंदू परिषदेने दिल्लीतील जपानी वकिलातीकडे निषेधाचे पत्र धाडले. रामायण हा भारताचा थोर राष्ट्रीय वारसा आहे, परकीयाने आपल्या मर्जीप्रमाणे त्याचा चित्रपट काढता कामा नये, असा त्या पत्राचा मथितार्थ होता.

साकोंनी गैरसमज दूर केला. एवढ्यावर ते थांबले असते तरी चालले असते. उलट त्यांनी परिषदेपुढे आणि भारत सरकारपुढे आपली नवी कल्पना मांडली : रामायणाचा सजीव चित्रांचा चित्रपट, आणि तो दोन्ही देशांनी मिळून काढावयाचा. सरकारने प्रथम अनुकूलता दाखवली, मग नकार दिला. रामायण हा नाजूक विषय आहे, त्याचे ‘कार्टून’ करता येणार नाही, असे कारण देण्यात आले. त्याच वर्षांत अयोध्येचा वाद दिवसेंदिवस तापत चालला होता. अशा वेळी कोणता अधिकारी रामाच्या चित्राखाली सही करावयास धजावणार?

येथे निषेध करणाऱ्यांच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्यांच्या देवदेवतांची परक्यांनी दीडशे-दोनशे वर्षे टिंगल केली, त्या समाजाच्या मनात अशी शंका येणे स्वाभाविक होते. मिशनऱ्यांच्या पत्रकांतून आणि गोऱ्या प्रवाशांच्या पुस्तकांतून आपल्या मारुतीची आणि गणपतीची कशी वर्णने आली, ती वाचणाऱ्यास हा राग समजू शकतो. शिवाय ‘कार्टून’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थही लक्षात घेतला पाहिजे. कार्टून म्हणजे वर्तमानपत्रातले पुढाऱ्याचे व्यंगचित्र, नाही तर मांजराने उंदराच्या पाठी लागून तोंडावर आपटणे. दोहोंचा हेतू हसवण्याचा. अशा प्रकारात प्रभु रामचंद्र! एखाद्या भाविकाच्या अंगावर काटा आला असेल तर नवल नाही.

जपानात मात्र या कलेचा अर्थ निराळा होता. ओसामु तेझुका या थोर चित्रकाराने १९७२ ते १९८३ या काळात भगवान बुद्धाचे संपूर्ण चरित्र चित्रमालिकेच्या रूपाने सांगितले, आणि लहानथोरांनी ते गांभीर्याने वाचले. युद्धात होरपळलेल्या दोन भावंडांच्या करुण कथेवर १९८८ साली तेथे सजीव चित्रांचा चित्रपट निघाला. तो पाहून कोणास हसू येईल, ही कल्पनाही करवत नाही. साको सरकारला आणि परिषदेला हेच समजावून सांगत होते की आमच्या देशात ही कला पोरखेळ समजली जात नाही. एकाच शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ होते, आणि ते न जुळल्यामुळे एक चांगले काम अडून बसले होते.

*

निषेधाच्या पत्रात ‘परकीय’ हा शब्द होता. तो कितपत खरा, हेही जरा तपासून पाहू.

रामकथा पूर्वेकडे गेली ती काही कोणाची परवानगी काढून गेली नाही. बौद्ध भिक्षूंच्या झोळीतून ती गेली. राज्य गमावून वनात गेलेला राजा, त्याच्या राणीचे हरण, तिच्या शोधासाठी वानराने केलेले साह्य, अशी एक कथा इसवी सन २५१ मध्ये चिनी भाषेत उतरलेल्या जातकसंग्रहात आहे. तिच्यात रामाचे नाव नाही, रावणाचे नाही. हरण करणारा तेथे नाग आहे. तीच कथा पुढे जपानात पोचली, आणि बाराव्या शतकाच्या अखेरीस ताइरा नो यासुयोरी याने रचलेल्या ‘होबुत्सुशू’ या ग्रंथात ती सांगितली गेली. म्हणजे आपल्याकडे मुकुंदराज आणि ज्ञानदेव ज्या सुमारास मराठीस वाणी देत होते, त्याच्या आसपास जपानी वाचक आपल्या भाषेत सीतेच्या हरणाची कथा वाचीत होता. ती सीतेची आहे, एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

तेव्हा साको हे काही रामकथेच्या घरात खिडकीतून शिरलेले नव्हते. सातशे-आठशे वर्षांपूर्वी त्यांच्या घरी आलेल्या निनावी पाहुण्याचे नावगाव विचारीत ते त्याच्या मूळ गावी आले होते, असे म्हटले तर शोभून दिसेल.

*

साकोंना आता एका जाणत्या भारतीय कलावंताची गरज होती. तो त्यांना मुंबईत मिळाला. त्याची हकीकत सांगावयाची तर थोडे मागे जावे लागेल, कारण ही कला आमच्याकडे आकाशातून पडलेली नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा लहानसा चित्रपट काढला. आगकाडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा चित्र घ्यावयाचे, या रीतीने त्यांनी निर्जीव काड्यांना नाचवले. दोनच वर्षांनी, १९१७ साली, त्यांचा ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके यांनीच केली होती. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक हात जोडीत, असे सांगतात. आगकाड्या नाचवणारे हात आणि लंका जाळणारे हात एकाच माणसाचे होते. ही दोन टोके फाळक्यांनी जुळवली असती, तर रामकथेचा पहिला सजीव चित्रपट नाशकातच निघाला असता. पण फाळक्यांना पैशाची विवंचना कधी सुटली नाही. तो योग आला नाही.

पुढे प्रभात कंपनीने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचे एक लहानसे कार्टून काढले. आणखीही काही प्रयत्न इकडेतिकडे झाले. पण खरी पायाभरणी झाली ती १९५६ साली, मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग उघडला तेव्हा. डिस्नेच्या ‘बांबी’ या चित्रपटावर काम केलेले क्लेअर वीक्स हे अमेरिकन चित्रकार शिकवण्यासाठी आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या पहिल्या तुकडीत रसायनशास्त्राची पदवी घेतलेला पंचविशीतला एक तरुण होता. तोच राम मोहन. या विभागाचा १९५७ चा ‘द बनियन डीअर’ हा चित्रपट जातककथेवर आधारलेला होता. रामकथा जपानात ज्या वाटेने गेली, ती वाट जातकांचीच. आणि राम मोहन यांनी हातात पेन्सिल धरली तीही जातकाच्याच निमित्ताने. इतिहासात असे योग कधी कधी जुळून येतात.

राम मोहन यांनी १९७२ साली स्वतःचा स्टुडिओ काढला. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९७७ च्या चित्रपटात इंग्रजांनी एकेक संस्थान गिळल्याचा भाग गमतीदार सजीव चित्रांतून सांगितला आहे. तो राम मोहन यांच्या हातचा. तरीही या कसबी माणसाचे आयुष्य बव्हंशी जाहिराती, लघुपट आणि चित्रपटांच्या नामावली यांतच जात होते. मोठा, पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्यास लागणारे भांडवल आणि शेकडो हात देशात कोणी उभे करीत नव्हते. जपानहून बोलावणे आले तेव्हा राम मोहन साठीच्या उंबरठ्यावर होते.

*

भारत सरकार बाजूला झाले, तेव्हा साकोंनी जपानातच ‘निप्पॉन रामायण फिल्म कंपनी’ स्थापन केली. चित्रे काढण्याचे मुख्य काम १९९० साली सुरू झाले. एकूण ४५० कलावंत त्यावर राबले.

राबले म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून थोडा हिशेब मांडतो. पडद्यावरून दर सेकंदास २४ चित्रे सरकतात. १३५ मिनिटांचे ८,१०० सेकंद झाले, आणि त्यांची १,९४,४०० चित्रे झाली. एक चित्र दोनदा घेऊन निम्म्यावर भागवले तरी ९७,००० च्या वर जातात. आणि हे एकेक चित्र म्हणजे काही एका हाताचे काम नव्हे. मुख्य चित्रकार हालचालीच्या आरंभाचे आणि अखेरचे चित्र काढतो. मधली चित्रे दुसरे कलावंत भरतात. मग ती पारदर्शक तावावर उतरवावयाची, तावाच्या मागल्या बाजूने रंगवावयाची, रंगीत देखाव्यावर ठेवावयाची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली टिपावयाची. संगणकाने रंग भरण्याचे दिवस तेथे अजून यावयाचे होते. हनुमंताने शेपटी एकदा हलवली की कोणाच्या तरी मानेस रग लागली, असा हा धंदा.

यात भारतीय कलावंतांचे काम काय होते? वरवर पाहता अगदी लहानसहान. धोतर कसे नेसतात, वडीलधारी माणसे लहानांना आशीर्वाद कसा देतात, अशा गोष्टी जपानी कलावंतांना समजावून सांगावयाच्या. पण जरा विचार करा. जन्मात ज्याने धोतर नेसलेला माणूस जवळून पाहिला नाही, त्याने ते काढले तर कमरेला कापड गुंडाळल्यासारखे दिसेल. निऱ्या कोठे येतात, चालताना काठ कसा हलतो, बसताना माणूस काय आवरतो, हे ज्याच्या डोळ्यांत बालपणापासून मुरले आहे, त्यालाच ठाऊक. वाकून नमस्कार जपानी माणूसही करतो. पण त्याचे वाकणे निराळे आणि पायांवर डोके ठेवणे निराळे. मस्तकावर ठेवलेला हात कोणत्या क्षणी उचलावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. संस्कृती म्हणून आपण जिचा मोठा उच्चार करतो, ती पुष्कळदा अशा निऱ्यांत आणि तळहातांतच असते. राम मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रामायणाचे रक्षण केले ते येथे, चित्रफलकावर.

चित्रपटाचे मूळ संवाद इंग्रजीत झाले. पण गाणी संस्कृतात ठेवण्यात आली. संगीत वनराज भाटिया यांचे, आणि ही संस्कृत गीते लिहिली ती वसंत देव यांनी. हिंदी चित्रगीतांसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारे आणि मराठी नाटके हिंदीत नेणारे हेच ते वसंत देव. टोकियोची चित्रे, इंग्रजी संवाद, गुजराती संगीतकार आणि मराठी कवीचे संस्कृत, असे हे संमेलन होते. पुढे हिंदी आवृत्ती निघाली, तिच्यात रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा, सीतेचा नम्रता साहनी यांचा, आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे. रामानंद सागरांच्या मालिकेने १९८७-८८ मध्ये रविवारची सकाळ देशभर थांबवून धरली होती. त्या मालिकेतलाच राम येथे चित्राच्या मुखाने बोलला.

चित्रपट सर्वांगी निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. विश्वामित्रांच्या आगमनापासून राम अयोध्येस परत येईपर्यंतची कथा त्यात आहे. सवा दोन तासांत एवढे बसवावयाचे म्हणजे धावपळ व्हावयाचीच. पात्रांच्या चेहऱ्यांत मधूनच जपानी वळण डोकावते. उत्तरकांड त्यात नाही. सीतेच्या त्यागाचा प्रश्न त्यामुळे उपस्थितच होत नाही. मुलांसाठी काढलेल्या चित्रपटात हे समजण्यासारखे आहे. तरी आपल्या पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या छप्पन्न गीतांच्या ‘गीतरामायणा’त माडगूळकरांनी सीतेच्या त्या दुःखाला जागा दिली होती, आणि घरोघरची मुले ते ऐकूनच मोठी झाली, याची आठवण होते. पण हे उणेपण सांगूनही म्हणावे लागते की, या चित्रपटात कोठेही टवाळी नाही आणि कोठेही बेपर्वाई नाही. पत्रातून ज्या गोष्टीची भीती व्यक्त झाली होती, नेमकी तीच त्यात नाही.

*

एवढे होऊन चित्रपटाचे पुढे काय झाले? महोत्सवात तो दाखवला गेला. परंतु देशभरच्या चित्रपटगृहांतून गाजावाजाने लागण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. रामाचे नाव ज्या दिवसांत भिंतीभिंतींवर होते, त्या दिवसांत रामाचा हा चित्रपट लावावयास पडदा मिळाला नाही. मग पुढे कधीतरी तो मुलांच्या दूरचित्रवाहिनीवर, ‘कार्टून नेटवर्क’वर आला. सणासुदीला पुन्हा पुन्हा लागू लागला. ना कोणी जाहिरात केली, ना कोणी समारंभ केला. मुलांनी तो पाहिला आणि आपलासा केला. ‘कार्टून’ या शब्दाने जे सरकार बिचकले, त्याच शब्दाच्या वाहिनीवरून एक पिढी रामायण शिकली.

ती पिढी मोठी झाली, आणि तिच्या आठवणीच्या बळावरच हा चित्रपट पुन्हा वर आला. जुन्या चित्रफितीवरून नवी, लख्ख प्रत तयार करण्यात आली. २४ जानेवारी २०२५ रोजी, पहिल्या प्रदर्शनानंतर ३२ वर्षांनी, तो भारतातील चित्रपटगृहांत लागला. मी तो माझ्या नातवास घेऊन पाहिला. आमच्या पुढल्या रांगेत पस्तिशीचे एक गृहस्थ आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन बसले होते. कुंभकर्ण उठू लागला तेव्हा मुलगी पाहत होती पडद्याकडे, आणि बाप पाहत होता मुलीच्या तोंडाकडे. त्या गृहस्थाचा पक्ष कोणता असेल, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. १९९३ च्या जानेवारीतील ते दिवस आठवले, आणि माझे मलाच बरे वाटले.

युगो साको २०१२ साली वारले. राम मोहन यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात तेही गेले. भारतातल्या भरल्या चित्रपटगृहात आपला राम पाहण्याचे सुख दोघांपैकी कोणासही लाभले नाही.

मधल्या काळात आमच्याकडेही हालचाल झाली. व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ २००५ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर आला आणि आपल्या देशातही असे चित्रपट चालतात हे त्याने सिद्ध केले. त्याच्यामागून ‘बाल गणेश’ वगैरे आले. २०२५ च्या जुलैत आलेल्या ‘महावतार नरसिंह’ या चित्रपटास तर लोकांनी डोक्यावर घेतले. कार्टूनात देव दाखवावे की नाही, हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. ज्या गोष्टीसाठी साकोंना वर्षानुवर्षे खुलासे करीत बसावे लागले, ती आज सहज घडते. वाट पाडणाऱ्याचे नाव वाटेला क्वचितच मिळते.

एक बारीकसा सल मात्र राहतो, तो सांगून टाकतो. २०२५ मध्ये हा चित्रपट इंग्रजीबरोबर हिंदीत, तमिळमध्ये आणि तेलुगूत लागला. मराठीत नाही. ज्या प्रांतात आगकाड्या पहिल्याने नाचल्या, जेथे देशातील कार्टूनचे पहिले सरकारी विद्यालयच म्हणावे असा विभाग उघडला, जेथील कवीने या चित्रपटाची संस्कृत गीते लिहिली, तेथील भाषेत राम बोलला नाही. माझ्या नातवाने रामाचे बोलणे हिंदीत ऐकले, आणि घरी येऊन त्याची गोष्ट आपल्या आजीला मराठीत सांगितली. यात दोष द्यावयाचा तर कोणाला? मराठी आवाज द्या म्हणून कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. मोर्चे निघतात ते ‘आमचे आहे, हात लावू नका’ हे सांगण्यासाठी. ‘आमचे आहे, म्हणून आम्ही कष्ट करतो’ हे सांगण्यासाठी मोर्चा लागत नाही, पेन्सिल लागते.

फाळक्यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर राम-कृष्ण कधी दिसतील या विचाराने ते बेचैन झाले. ही गोष्ट त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे. परक्यांचा देव पाहून त्यांना आपला देव आठवला. मग ते विलायतेस गेले, इंग्रजांकडून विद्या घेतली, इंग्रजी बनावटीचा कॅमेरा आणला, आणि पौराणिक चित्रपटांची गंगा या देशात उतरवली. त्या वेळी कोणी ख्रिस्ती गृहस्थाने त्यांना ‘आमच्या चित्रपटावरून तुम्ही स्फूर्ती का घेतलीत?’ म्हणून पत्र लिहिले नाही. सत्तर-बहात्तर वर्षांनी एक जपानी मनुष्य शृंगवेरपूरच्या मातीत उभा राहिला, आणि आमचा देव पाहून त्याच्या हातांना काम सुचले. हिशेब बरोबर झाला, असे मी मानतो.

रामकथेत सेतू बांधताना वानरांनी दगड वाहिले. कोणता दगड कोणत्या डोंगरावरचा आणि कोणत्या वानराने आणला, याची नोंद वाल्मीकींनी ठेवलेली नाही. सेतू पुरा झाला, राम पलीकडे गेला, एवढेच पुरेसे झाले. दिवाळीच्या या दिवसांत उत्तरेकडे राम परत आल्याचे दिवे लावतात. आपल्याकडे नरकासुराचे चिरांटे पायाखाली फुटते आणि बळीच्या राज्याची आठवण निघते. दिवे मात्र दोन्हीकडे तेच. या दिवाळीत घरी मुले जमतील तेव्हा त्यांना हा चित्रपट दाखवा. पाहून झाल्यावर, हवे तर, तो कोणी काढला तेही सांगा. मुले क्षणभर आश्चर्य करतील आणि पुन्हा कुंभकर्णाविषयी विचारू लागतील.